दुर्मीळ स्टेशन वॅगन : मुंबईत कुठल्या पाहिल्यात? आणि अल्टुरा घ्यावी का?

निखिल_पार्ले
मंडळी नमस्कार,
स्टेशन वॅगन हा प्रकार मला मनापासून आवडतो. पुढून पाहिलं तर नेहमीची सेडान, पण टप शेवटपर्यंत सरळ गेलेलं आणि डिकीच्या जागी काचेचा उभा दरवाजा. उंच गाड्यांसारखी वळणावर कलत नाही, सामान टपावर बांधावं लागत नाही, मागच्या सीटा पाडल्या की माणूस आडवा झोपतो. तरी आपल्याकडे जेवढ्या आल्या तेवढ्या गेल्या. टाटा इस्टेट, सिएना वीकएंड, पॅलिओ अ‍ॅडव्हेंचर, मारुती बलेनो अल्टुरा, कोर्सा स्विंग, इंडिगो मरीना, ऑक्टाव्हिया कॉम्बी. यातली एक तरी हल्ली रस्त्यावर कुणी पाहिली आहे का?

धागा काढायचं निमित्त म्हणजे पार्ल्यात एक अल्टुरा विकायला आहे. 2003 ची, पेट्रोल, एकहाती. मालक आजोबा आता गाडी चालवत नाहीत. मागचा दरवाजा वर धरून ठेवणारे शॉकर मेलेत, म्हणून त्यांनी मापात कापलेली एक काठी आत ठेवली आहे. दरवाजा वर उचलायचा आणि काठी टेकवायची. बाकी सेल्फ मारला की लगेच सुरू होते.

तेव्हा दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तुम्ही पाहिलेल्या, चालवलेल्या, ऐकलेल्या दुर्मीळ वॅगनबद्दल लिहा, देशी-परदेशी कुठल्याही. आणि ही गाडी घ्यावी का ते सांगा. घरून विरोध आहे.

वसईवाला
घे. पुढचं नंतर बघू.

शंतनू_के
धाग्याला शुभेच्छा. शिवाजी पार्कला कॅडल रोडच्या बाजूला एक टाटा इस्टेट बरीच वर्षं उभी असायची, गडद हिरवी. मला लहानपणी ती मर्सिडीजच वाटायची. तशी वाटायला कारणही आहे, मागची बाजू त्या काळातल्या मर्सिडीज वॅगनच्या वळणाची आहे.

इस्टेट 1992 ची. टाटामोबाइल पिकअपच्या चॅसीवर आधी सिएरा आली, मग ही. इंजिन 1.9 लिटरचं डिझेल. आज आपण 'लाइफस्टाइल' गाड्या म्हणून ज्याचं कौतुक करतो ते टाटांनी तेव्हाच करून ठेवलं होतं. फक्त दोनच वर्षांनी त्यांच्याच घरातून सुमो आली आणि इस्टेटकडे कुणी वळून पाहिलं नाही.

कल्याण_जंक्शन
शंतनू, वळून का पाहतील? सुमोत दहा माणसं बसायची. आपल्या लोकांना सामानाला जागा नको होती, माणसांना हवी होती. गणपतीला गावी जाताना आजी, काकू, तीन पोरं आणि वर हारे. वॅगनमध्ये माणसं पाच ती पाचच. क्वालिस 2000 साली आली आणि वॅगनचा विषय तिथेच मिटला, हे माझं ठाम मत.

निखिल_पार्ले
पण मग युरोपातही माणसं तेवढीच असताना...

कल्याण_जंक्शन
युरोपात घरात चार माणसं. आमच्याकडे गाडी एक आणि बसणारे शेजारी धरून.

गतिमान
आता जरा परदेशात जाऊ. वॅगन म्हणजे सामान वाहायची गाडी, असं ज्यांना वाटतं त्यांनी 1994 ची ऑडी आरएस2 अवांत बघावी. ऑडीने पोर्शला बरोबर घेऊन ही केली आणि तिची जुळणी पोर्शच्या स्टुटगार्टच्या कारखान्यात झाली. ब्रेक पोर्शचे, चाकं पोर्शची, बाहेरचे आरसेसुद्धा त्यांच्याच 911 चे. इंजिन पाच सिलिंडरचं 2.2 लिटर टर्बो, 315 हॉर्सपॉवर. तीन हजारही बनल्या नाहीत.

त्याच काळात बीएमडब्ल्यूने एम5 टुरिंग काढली, तीही मोजून 891. एकही उजव्या स्टिअरिंगची नाही. म्हणजे आपल्याकडे यायचा प्रश्नच नव्हता.

आपल्या देशात अधिकृत विकली गेलेली सगळ्यात भन्नाट वॅगन म्हणजे ऑडी आरएस6 अवांत, 2015. चार लिटर व्ही8, 560 हॉर्सपॉवर, किंमत 1 कोटी 35 लाखांच्या घरात. मी एकदाच पाहिली, वरळी सी फेसला, रात्री. शेजारून गेली तेव्हा माझ्या गाडीच्या काचा थरथरल्या. त्यानंतर 2017 मध्ये व्होल्वो व्ही90 क्रॉस कंट्री आणि 2018 मध्ये मर्सिडीज ई-क्लास ऑल-टेरेन आली. दोन्ही जमिनीपासून थोड्या उचललेल्या, आपल्या स्पीड ब्रेकरना साजेशा. त्यांनाही गिऱ्हाईक फारसं मिळालं नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

मेघना_लेस्टर
गतिमान, वेगाचा विषय निघालाच आहे तर व्होल्वो 850 सांगायलाच हवी. 1994 मध्ये ब्रिटिश टुरिंग कार स्पर्धेत व्होल्वोने सेडान न उतरवता वॅगन उतरवली. चालक रिकार्ड रिडेल आणि यान लामर्स. सगळ्या सेडानच्या गर्दीत ही लांबलचक पेटी दोन चाकांवर कर्ब चढून जायची आणि प्रेक्षक वेडे व्हायचे. पुढच्या वर्षी नियम बदलले, मागे पंख लावायला परवानगी मिळाली, आणि वॅगनवर तो पंख लावून काही उपयोग होत नव्हता. म्हणून 1995 ला त्यांनी सेडान आणली. एकाच हंगामाची गाडी, पण इथे इंग्लंडमध्ये लोक अजून तिच्याच गोष्टी सांगतात.

दुसरी माझ्या शेजारच्यांची. मॉरिस मायनर ट्रॅव्हलर. मागचा अर्धा सांगाडा चक्क लाकडाचा, अ‍ॅश लाकडाचा. शोभेला लावलेल्या पट्ट्या नाहीत त्या, मागच्या बॉडीचा भार त्या लाकडावर असतो. त्यामुळे लाकूड कुजलं की गाडी वार्षिक तपासणीत नापास व्हायची. शेजारी दर उन्हाळ्यात वार्निश घासून काढतात, फटी बघतात, पुन्हा वार्निश लावतात. आपल्या मुंबईच्या हवेत ती किती टिकली असती देव जाणे. 1953 ते 1971 एवढा काळ बनत होती.

वसईवाला
लाकडी गाडीला वाळवी लागली तर इन्शुरन्स मिळतो का?

मेघना_लेस्टर
@वसईवाला, 😄 इथे वाळवी नाही, पण बुरशी आहे. शेजाऱ्यांना विचारून सांगते.

जुना_कुर्लेकर
हा धागा मुलाने दाखवला, म्हणून लिहितो आहे.

तुम्ही सगळे सिएना वीकएंडचं नाव घेऊन पुढे गेलात. ती गाडी आपल्या कुर्ल्यात बनली आहे. मी तेव्हा बॉडी शॉपमध्ये होतो. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, त्याच कुर्ल्याच्या आवारात फियाट 1100 झाली, पद्मिनी झाली, आणि पुढे फियाटच्या युनो, सिएना झाल्या. आज तिथे टॉवर उभे आहेत, कोहिनूर सिटी म्हणतात. रस्त्याचं नाव मात्र प्रीमियर रोड राहिलं आहे.

वॅगनची बॉडी म्हणजे आमची परीक्षा असायची. सेडानला मागची काच आणि डिकी यांच्यामध्ये पत्र्याची एक आडवी पट्टी असते, ती दोन्ही बाजू धरून ठेवते. वॅगनला ती नाही. मागे भलं मोठं भगदाड, आणि त्याला बिजागऱ्यांवर लटकणारा जड दरवाजा. टपाच्या टोकाला जरा फरक राहिला तरी दरवाजा एका कोपऱ्यात घासतो आणि दुसऱ्या कोपऱ्यातून पाणी घेतो. फट सारखी आली की नाही ते आम्ही डोळ्याने बघत नव्हतो, तर्जनी वरून खाली फिरवत न्यायचो. बोटाला कळायचं. मग पाण्याच्या फवाऱ्याखाली गाडी उभी करायची आणि एक माणूस आत बॅटरी घेऊन बसायचा.

मुंबईत बनलेली वॅगन मुंबईतच बघायला मिळू नये, हे मनाला लागतं.

शंतनू_के
काका, दंडवत. असे प्रतिसाद येतात म्हणून मी इथे येतो. फियाट 1100 ची वॅगन होती असं ऐकलं आहे, त्याबद्दल लिहाल का?

जुना_कुर्लेकर
इटलीत फियाटने स्वतः 1100 ची वॅगन काढली होती, फामिलियारे नावाने. आपल्याकडे ज्या दिसायच्या त्या बहुतेक बॉडी बिल्डरनी केलेल्या. कापून, टप वाढवून, मागे दरवाजा. दवाखान्यांना लागायच्या, दुकानदारांना लागायच्या. काहींचं काम इतकं सुबक की कारखान्यातूनच आली असं वाटावं, आणि काहींच्या टपाला टेंगळं. अँबेसडरच्याही अशाच, रुग्णवाहिका आणि शववाहिनी म्हणून जास्त.

स्वाती_ठाणे
आणि काका, माझ्या मते तिथेच घोडं अडलं. आमच्या घरी मरीना घेतली तेव्हा सासूबाईंच्या मैत्रिणीने पहिला प्रश्न विचारला, "ही काय, रुग्णवाहिकेसारखी?" लोकांच्या मनात लांब टपाची गाडी म्हणजे एक तर दवाखाना नाही तर वैकुंठ. लग्नाला आहेर म्हणून कोण देणार? चार पाहुण्यांसमोर डिकी वेगळी दिसली की ती 'पूर्ण गाडी'.

आमची मरीना अजून आहे. डिझेल. तिचं खरं मोल मला आईच्या आजारपणात कळलं. व्हीलचेअर घडी करून उभीच्या उभी आत जाते, उचलावी लागते ती गुडघ्याएवढी. सेडानच्या डिकीचा ओठ उंच असतो, तिथे ती चेअर कमरेपर्यंत उचलून आत खाली सोडायची म्हणजे पाठ गेली. आणि उंच गाड्यांमध्ये आईला स्वतःला चढता येत नव्हतं. सीटची उंची सेडानची आणि मागची जागा टेम्पोची, हे दोन्ही एकत्र देणारी दुसरी गाडी मला त्या वेळी तरी मिळाली नाही.

तक्रार एकच. एसी. मागची सगळी हवा थंड व्हायला वेळ लागतो, मे महिन्यात घोडबंदर रोडला सिग्नलवर उभं असताना जास्तच.

तंबोरा_दादर
स्वातीताईंशी शंभर टक्के सहमत. माझा अनुभव वेगळ्या सामानाचा. मी तबला वाजवतो आणि ग्रुपमधले तंबोरे पोचवायचं काम माझ्याकडेच येतं. तंबोरा टपावर बांधता येत नाही, टेम्पोत टाकता येत नाही. सेडानमध्ये मागच्या सीटवर आडवा ठेवला तर दांडी दरवाज्याला टेकते, म्हणून एक जण तो मांडीवर घेऊन बसतो. दादरहून पार्ल्याला दीनानाथ नाट्यगृहाला पोचेपर्यंत त्याचे पाय मुंग्यांनी भरतात.

एका मित्राकडे कोर्सा स्विंग होती. मागची सीट पाडायची, जाड सतरंजी पसरायची, भोपळे मागच्या दरवाज्याकडे आणि दांड्या पुढे, दोन तंबोरे शेजारी शेजारी. मध्ये तबला-डग्ग्याच्या पिशव्या अडकवल्या की काही हलत नाही. हार्मोनियमला तरीही जागा उरायची. उघडायला मागचा दरवाजा वर जातो, त्यामुळे पावसात वाद्य काढताना डोक्यावर आपोआप छप्पर. शिवाजी मंदिरच्या दारात जुलैमध्ये उभं राहून वाद्यं उतरवणाऱ्यालाच याची किंमत कळेल.

मित्र परदेशी गेला, गाडी विकली. कुठे गेली माहीत नाही. कुणाला चंदनी रंगाची स्विंग दिसली तर जरूर कळवा.

गतिमान
वा! वॅगनची याहून चांगली जाहिरात मी वाचलेली नाही.

कल्याण_जंक्शन
तंबोऱ्यापुढे बोलती बंद. तरी मूळ मुद्दा सोडत नाही. आणखी एक कारण सांगतो, सरकारी. 2006 च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांचा अबकारी कर 24 टक्क्यांवरून 16 वर आणला. अट अशी की लांबी 4 मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत, डिझेल 1500 पर्यंत. झालं. प्रत्येक कंपनी गाडीची शेपटी कापायला लागली. इंडिगोचीच 2008 मध्ये आखूड सीएस आली. जिथे सेडानची डिकी कापली जात होती तिथे लांब वॅगनला कोण विचारतो?

शंतनू_के
मुद्दा बरोबर, पण काळ जुळत नाही. इस्टेट, वीकएंड, अल्टुरा, स्विंग या 2006 च्या आधीच रखडल्या होत्या. 2006 चा नियम मरीनाच्या मुळावर आला असं म्हणता येईल. त्याआधीच्यांना किमतीने मारलं. वॅगन सेडानपेक्षा महाग ठेवायचे आणि गिऱ्हाइकाला वाटायचं, जास्त पैसे देऊन डिकी घालवायची कशाला?

स्वाती_ठाणे
शंतनू +१. आम्ही घेतली तेव्हाही शोरूमचा माणूस आम्हाला सेडानच घ्या म्हणून समजावत होता. नंतर विकताना त्रास होईल म्हणाला. आम्ही विकलीच नाही.

प्रभाकर_गिरगाव
एक विषयांतर. फ्रान्समध्ये तिसिए नावाच्या कारागिराने सिट्रोएन सीएक्स वॅगन लांबवून तिला मागे चार चाकं दिली, म्हणजे एकूण सहा. कशाला? वर्तमानपत्रं वाहायला. सिट्रोएनचं सस्पेन्शन तेल आणि वायूच्या दाबावर चालायचं, वजन कितीही टाका, गाडी आपली पातळी राखायची. त्यामुळे रात्री छापलेले गठ्ठे घेऊन या गाड्या ट्रकपेक्षा कितीतरी वेगाने दुसऱ्या देशात पहाटेच्या आत पोचायच्या.

मी वर्तमानपत्राच्या छपाईत आयुष्य काढलं. पहाटे तीनला गठ्ठे भरून टॅक्सी सुटायच्या त्या पद्मिनी, डिकी अर्धी उघडी, दोरीने बांधलेली. अशी एक सहाचाकी आम्हाला मिळाली असती तर!

वसईवाला
काका, सहा चाकं म्हणजे टोलनाक्यावर ट्रकचा दर लावला असता.

गतिमान
श्रीमंतांच्या वॅगनही लिहून ठेवतो. अ‍ॅस्टन मार्टिनचे मालक डेव्हिड ब्राउन यांना शिकारीचं सामान आणि कुत्रा नेता यावा म्हणून डीबी5 ची वॅगन केली गेली, मग इतरांनीही मागितली. रॅडफर्ड या बॉडी बिल्डरने डझनभरच केल्या. ब्रुनेईच्या राजघराण्यासाठी पिनिनफारिनाने फेरारी 456 ची चार दरवाज्यांची वॅगन केली, व्हेनिस नावाची. आणि जग्वार एक्सजेएसवरून इंग्लंडमधल्या लिंक्स कंपनीने इव्हेंटर नावाची वॅगन बनवली, तिची एकूण संख्या 67. या सगळ्यांत इव्हेंटर मला मूळ गाडीपेक्षाही देखणी वाटते. मूळ एक्सजेएसचे मागचे उतरते पंख मला कधीच पटले नाहीत, वॅगन करताना तेच गेले.

अमेय_डोंबिवली
प्रश्न आहे. पद्मिनी किंवा जुनी एस्टीम घेऊन कुणाकडून वॅगन करून घेतली तर? माझ्या ओळखीचा एक गॅरेजवाला करून देतो म्हणतो.

टारदेव_पासिंग
अमेय, अजिबात या फंदात पडू नकोस. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळी बॉडी करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे स्पष्ट केलं आहे. टप कापलेली गाडी पासिंगला नेलीस तर फिटनेस मिळणार नाही, अपघात झाला तर इन्शुरन्स हात वर करेल. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सुरक्षितता. वर कुर्लेकर काकांनी मागच्या आडव्या पट्टीबद्दल लिहिलं आहे ते पुन्हा वाच. ती पट्टी कापली की बॉडी सैल होते. कारखाना ती ताकद दुसरीकडे भरतो, गल्लीतला मिस्त्री भरू शकत नाही.

निखिल, तुझ्या अल्टुरासाठी कागदांचं सांगतो. 2003 ची म्हणजे 15 वर्षं 2018 ला झाली, तेव्हा आणि नंतर 2023 ला पुनर्नोंदणी झालेली असायला हवी. आरसी मागून 'व्हॅलिड अपटू'ची तारीख स्वतः वाच. हरित कराची पावती माग. पुढच्या वेळी खर्च जास्त आहे, 20 वर्षांपेक्षा जुन्या कारचं नूतनीकरण शुल्क 2025 मध्ये 10,000 केलं आहे. 'व्हीए' मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळेल का असं कुणी विचारायच्या आधीच सांगतो, त्याला पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं लागतात.

अमेय_डोंबिवली
धन्यवाद. विषय बंद.
मग तयार वॅगनला सीएनजी लावली तर? मागे एवढी जागा आहे.

टारदेव_पासिंग
कायद्याने मान्यताप्राप्त किट लावून आरसीवर नोंद केलीस तर चालते. पण वॅगनमध्ये डिकी आणि बसायची जागा यांच्यामध्ये भिंत नसते. सिलिंडर तुमच्याच खोलीत असतो. व्हॉल्व्हवरचं आवरण आणि त्यातून गाडीबाहेर काढलेली नळी नीट बसवलीच पाहिजे.

तंबोरा_दादर
आणि सिलिंडर ठेवल्यावर वॅगन घेतलीच कशाला? मुंबईच्या टॅक्सीचं हेच झालं. डिकीत सिलिंडर आला आणि प्रवाशांच्या बॅगा कॅरियरवर गेल्या.

लालबागचा_मिस्त्री
उशिरा आलो, दिवसभर हात काळे असतात. निखिल, आता तुझ्या गाडीवर बोलतो.

इंजिनाची चिंता सोड. अल्टुराचं 1.6 इंजिन म्हणजे जी16बी, जिप्सी किंगमध्ये हेच घराणं. जिप्सी लष्कराने वर्षानुवर्षं वापरली, त्यामुळे गॅस्केट, बेअरिंग, पंप यांची वाण नाही. ऑपेरा हाऊसला एक फेरी मारलीस की पिशवी भरून येशील. पुढचं सस्पेन्शन, पुढचे दरवाजे, पुढची काच, दिवे, डॅशबोर्ड हे सगळं बलेनो सेडानचं.

वॅगन मरते ती मागून. मागच्या सीटच्या दरवाज्यांपासून मागे जे काही आहे ते फक्त तिचंच असतं, सेडानचं चालत नाही. टेलगेटची, म्हणजे मागच्या उभ्या दरवाज्याची काच, बाजूच्या लांब काचा, मागचे उभे दिवे, वायपरची मोटर, काचेभोवतीचं रबरी बिडिंग, सामान झाकायचा पडदा. यातलं एक गेलं की वर्षभर शोधा. म्हणून बघायला जाशील तेव्हा बॉनेट उघडूच नकोस, आधी मागे जा.

मागचा कार्पेट उचल, स्टेपनी बाहेर काढ आणि स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाल. ओल लागली किंवा बारीक लाल चुरा बोटाला आला तर पाणी कुठून तरी येतंय. बहुतेक वेळा टपावरच्या रेलच्या बोल्टमधून येतं, तिथून खांबाच्या आतून उतरतं आणि खड्ड्यात साठतं. वरून काही दिसत नाही. मग टेलगेटची खालची कड. रबर सोडवून कडेवर अंगठ्याने दाब. पत्रा घट्ट लागला तर बरं, आत पापुद्रे असतील तर करकर वाजेल. शेवटी मागच्या शॉकअब्सॉर्बरची वरची टोकं जिथे बॉडीला बसतात तिथे बॅटरी मारून बघ. तिथला पत्रा फाटला असेल तर गाडी सोडून दे, आजोबांना नमस्कार करून ये.

काठीची काळजी नको. दरवाज्याचे शॉकर लांबी आणि ताकद जुळवून दुसऱ्या गाडीचे बसतात. जुना काढून बरोबर घेऊन जा, त्यावर न्यूटनचा आकडा छापलेला असतो. तो आकडा कमी घेतलास तर दरवाजा डोक्यावर पडेल, जास्त घेतलास तर बंद करताना टेलगेट वाकेल.

स्वाती_ठाणे
मिस्त्रीदादा, मागच्या वायपरबद्दलही सांगा ना. पावसाळ्यात आमची मागची काच पाच मिनिटांत चिखलाने भरते. सेडानची तेवढी भरत नाही.

लालबागचा_मिस्त्री
ताई, मागची बाजू उभी असली की चालत्या गाडीमागे हवेची पोकळी तयार होते, ती चाकांनी उडवलेलं पाणी वर ओढून काचेवर मारते. म्हणून वॅगनला वायपर चैन नाही, गरज आहे. पावसाआधी मोटरचं कनेक्शन साफ करून घ्या, ब्लेड बदला. वायरी टप आणि दरवाज्याच्या मधल्या रबरी नळीतून जातात, दरवाजा उघडून-मिटून त्या तिथेच तुटतात. वायपर बंद पडला की मोटर बदलायच्या आधी ती नळी उघडून बघा.

निखिल_पार्ले
अपडेट देतो. मिस्त्रीदादांनी सांगितलं त्याच क्रमाने गाडी पाहिली. स्टेपनीचा खड्डा कोरडा. मागच्या शॉकअब्सॉर्बरची टोकं ठीक. टेलगेटची खालची कड उजव्या बाजूला चार बोटं वाजते. आरसी 2028 पर्यंत. उजवीकडची मागची लांब काच मात्र तडकलेली आहे, आजोबा म्हणाले सोसायटीतल्या पोरांचा चेंडू. टेपने चिकटवून ठेवली आहे, मला पहिल्या भेटीत दिसली नव्हती.

आईला बरोबर नेलं होतं. ती मागच्या सीटवर बसली आणि पहिल्यांदाच म्हणाली की गुडघे दुखले नाहीत. विरोध मावळला आहे. किमतीचं बोलणं झालं, घेतोय. आता काचेचं काय करू?

वसईवाला
अभिनंदन! मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

जुना_कुर्लेकर
अभिनंदन. टेलगेटची कड आत्ताच कापून नवा पत्रा लावून घ्या, पुटी भरू देऊ नका. पुटीखाली गंज चालूच राहतो.

लालबागचा_मिस्त्री
काच आधी कुर्ल्याला सीएसटी रोडच्या भंगारात शोधू, मी दोघा-तिघांना सांगून ठेवतो. नाहीच मिळाली तर करून घ्यावी लागेल. सपाट काच कुणीही कापून देतो, पण गाडीची बाजूची काच गोलाईत असते आणि टफन्ड लागते. टफन्ड काच भाजल्यावर कापता येत नाही, म्हणून आधी साचा, मग माप, मग भट्टी. खर्च सगळा साच्याचा. एक काच केली काय आणि सहा केल्या काय, साचा तेवढ्यातच. तुझी डावी काच शाबूत आहे, तिच्यावरून उलटं माप निघेल.

शंतनू_के
मग एकट्याने कशाला करायची? अल्टुरावाले आणखी असतील. पुणे, नाशिक, कोल्हापूरच्या मंडळींना विचारू. मी अल्टुरासाठी एक आणि मरीना-स्विंगसाठी एक अशा याद्या करतो. कुणाकडे कुठली गाडी, कुठली काच किंवा दिवा हवा, कुणाकडे जास्तीचा पडून आहे, एवढंच लिहा. मोबाइल नंबर इथे टाकू नका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

स्वाती_ठाणे
मरीना, ठाणे. डाव्या बाजूचा मागचा दिवा हवा आहे. माझ्याकडे सामान झाकायचा पडदा जास्तीचा आहे, न वापरलेला. मरीनावाल्या कुणालाही देईन.

मनोज_नाशिक
नवीन सभासद. बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज लिहायलाच हवं. अल्टुरा, 2001, नाशिक. मला टेलगेटची काच हवी आहे. उजवी लांब काच माझ्या दुसऱ्या, भंगारात काढलेल्या अल्टुरावर अजून धड आहे. निखिल, शनिवारी मुंबईला येतोय, माप जुळवून बघायला काढून आणू का?

लालबागचा_मिस्त्री
मनोज, काच काढताना बिडिंग कापू नकोस, गरम पाण्याने मऊ करून सोडव. काचेपेक्षा बिडिंग दुर्मीळ आहे. शनिवारी दुपारनंतर गॅरेजवर या दोघंही.